तुम्ही विचारलंत म्हणून : भाषण शिकवता म्हणजे काय शिकवता?

"टीचर, राग मानू नका हं, एक विचारतो. भाषण शिकवता म्हणजे नेमकं काय शिकवता? थापा मारायला?"

मध्यंतरी एका रविवारी एका मुलीच्या वडिलांनी हे विचारलं. माणूस सरळ आहे. गावच्या दूध सोसायटीचं काम बघतो, पोरीला बेळगावजवळच्या खानापूरकडून मोटरसायकलवर घेऊन येतो आणि तिची तयारी होईपर्यंत माझ्या पायरीवर बसून राहतो. त्यांना मी चहा दिला आणि काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण हाच प्रश्न मला तीसेक वर्षं ऐकू येतोय. खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी मराठी शिकवलं, शाळा सुटल्यावर वक्तृत्व स्पर्धेची मुलं तयार केली, आणि निवृत्तीनंतरही बेळगावच्या शहापुरातल्या घरी रविवारी पाचसहा पोरं येतातच. शेजारीपाजारी, नातेवाईक, एकदा तर कंडक्टरसुद्धा, सगळ्यांनी हे कधी ना कधी विचारलंय. तेव्हा एकदा नीट सांगते.

आधी शब्दाचंच बघा. 'वक्तृत्व' म्हटलं की ढाल, प्रमाणपत्र, शाल, नारळ. तेच 'भाषण' म्हटलं की सभेत टाळ्या, आणि घरात? "भाषण नको देऊस, भांडी घास." भाषणबाजी, पोपटपंची, तोंडाची वाफ, शब्दांचे बुडबुडे, एवढे शब्द आपण चांगल्या बोलण्याची टर उडवायला करून ठेवलेत. आमच्या बेळगावात कन्नडलाही हाच शब्द, भाषण. आणि माझ्या शेजारच्या अक्का, त्याही निवृत्त शिक्षिका, कन्नडच्या, नातवावर ओरडतात, "भाषण बिगीब्याड!" बिगियोदु म्हणजे आवळणं, घट्ट बांधणं. भाषण आवळू नको. काय शब्द आहे बघा!

तर एकाच गोष्टीला मान आणि शिवी दोन्ही कसे चिकटले? हे आपलंच वैगुण्य नाही. इंग्रजी पेपरात 'ऱ्हेटरिक' हा शब्द हल्ली 'पोकळ बोलणं' याच अर्थानं येतो. मूळ ग्रीकात ऱ्हेटोर म्हणजे सभेत किंवा कोर्टात उभा राहून बोलणारा माणूस, एवढंच.

आणि ही विद्या सुरू कशावरून झाली म्हणता? शेतजमिनीवरून. सिसिली बेटावर सिराक्यूज नावाचं शहर. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात तिथल्या हुकूमशहांची सत्ता कोसळली. त्यांनी लोकांच्या जमिनी काढून आपल्या भाडोत्री सैनिकांना वाटल्या होत्या. आता मूळ मालक परत आले, 'हे शेत माझं' म्हणून कोर्टात उभे राहिले. कागद कुठले असणार? वकीलही नव्हते. आपलं आपणच बोलायचं. तेव्हा कोराक्स आणि त्याचा चेला तिसियास यांनी लोकांना कसं बोलायचं ते शिकवायला सुरुवात केली, अशी परंपरेनं चालत आलेली हकिगत आहे. आधी काय सांगायचं, मग घडलं काय, मग आपली बाजू, मग शेवट. कोराक्स म्हणजे कावळा. पुढे चेल्यानं फी बुडवली, प्रकरण कोर्टात गेलं. चेला म्हणाला, मी जिंकलो तर द्यायचं नाही, हरलो तर तू मला काही शिकवलंच नाहीस, मग कशाची फी? न्यायाधीशांनी दोघांनाही हाकललं, म्हणाले, वाईट कावळ्याची वाईट अंडी. हा बहुधा लोकांनी रचलेला किस्सा असावा. पण विद्या जन्मली आणि तिच्यावरचा संशय पाळण्यातच तिच्या शेजारी झोपला होता, हे त्यातून कळतं.

सिराक्यूजची ही गोष्ट मी वर्गात पहिल्यांदा सांगितली तेव्हा मला ती पुस्तकातली वाटत नव्हती, कारण आमच्या धाकट्या काकांचं प्रकरण नुकतंच होऊन गेलं होतं. वाटणीनंतर उताऱ्यावर त्यांच्या शेताला भलत्याच भावाचं नाव लागलं. उतारा कन्नडात. काकांना कन्नड बाजारापुरतं येई, वाचता येत नसे. आदल्या रात्री कंदील... नाही, लाईट होती तेव्हा, उगाच जुनं करायला नको. तर आदल्या रात्री ट्यूबलाईटखाली बसून त्यांनी बोलायची तयारी केली. दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन त्यांनी पणजोबांपासून सुरुवात केली. पणजोबांनी विहीर कशी काढली, मग आजोबा, मग ५६ साली आपण मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात कसे गेलो. टेबलापलीकडच्या माणसानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि पुढच्याला हाक मारली. काका घरी येऊन जेवले नाहीत.

काकू चौथी शिकलेली. तिनं ताट झाकून ठेवलं आणि म्हणाली, "तुमची विहीर त्याला काय करायची आहे? पहिल्यांदा सर्व्हे नंबर सांगा."

बसून आम्ही चार वाक्यं केली. सर्व्हे नंबर. काय चुकलंय. कुठला कागद सोबत आणलाय. काय करून पाहिजे. अक्कांनी ती कन्नडात सांगितली आणि मी एका उत्तरपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूला देवनागरीत लिहून दिली. 'ई होला नम्मदु री', म्हणजे 'हे शेत आमचं हो', इथून सुरुवात. काकांनी पाठ केली, गेले, धडाधडा म्हणून टाकली. त्या माणसानं सगळं ऐकून घेतलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, "मग हे पहिल्यांदाच सांगायचं की ओ, मामा!"

नाव दुरुस्त व्हायला पुढं सात महिने लागले, तो भाग वेगळा. पण काकूनं त्या रात्री केलं ते आणि कोराक्सनं केलं ते, यात मला काही फरक दिसत नाही. याला थाप म्हणायचं का?

थाप म्हणणारेही पहिल्यापासून आहेत, आणि ते साधेसुधे लोक नाहीत. इसवी सनापूर्वी ४२७ मध्ये गोर्गियास नावाचा पंडित त्याच सिसिलीतून वकिलात घेऊन अथेन्सला गेला आणि त्याच्या बोलण्यानं शहर वेडं झालं. श्रीमंतांची पोरं फी मोजून त्याच्याकडे शिकू लागली. प्लेटोला हे मुळीच पटलं नाही. त्यानं गोर्गियासच्याच नावाचा एक संवाद लिहिला आणि त्यात सॉक्रेटिसच्या तोंडी घातलं की ही विद्या नाहीच, ही हातोटी आहे, स्वयंपाकासारखी. जिभेला गोड लागेल ते वाढायचं. लहान मुलांच्या न्यायसभेत वैद्य आणि आचारी उभे केले तर जिंकणार कोण? आचारी. वैद्य बिचारा कडू काढे पाजतो, उपाशी ठेवतो. आमच्या गावात तर प्रश्नच नाही. एका हातात कुंद्याचा, म्हणजे आमच्या बेळगावच्या मिठाईचा, बॉक्स आणि दुसऱ्या हातात इंजेक्शन असेल, तर आमचे मोठेसुद्धा कुठल्या बाजूला मत देतील ते मी सांगायला नको.

गंमत म्हणजे आपल्या तुकोबांनाही स्वयंपाकच आठवला. बोलाचीच कढी, बोलाचाचि भात, जेवुनिया तृप्त कोण झाला! प्लेटोची तक्रार अशी की कढी फार चवदार लागते. तुकोबांची तक्रार अशी की कढी मुळात पानात पडतच नाही. मला तुकोबांचं जास्त पटतं. चवदार कढीला माझी हरकत नाही.

प्लेटोचाच शिष्य ॲरिस्टॉटल. तो चिडला नाही, बसून त्यानं नीट मांडणी केली. ही विद्या मन वळवण्याची नव्हे, तर प्रत्येक प्रसंगी मन कशानं वळू शकतं ते ओळखण्याची आहे, असं तो म्हणाला. वैद्याचं काम प्रत्येकाला बरं करणं नसतं, होईल तेवढं करणं असतं, तसंच हे. बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याची मनःस्थिती आणि मुद्द्यातला दम, या तीन गोष्टी बघा. काकांची पत कचेरीत शून्य होती, ऐकणारा कंटाळलेला होता. हातात होता तो फक्त मुद्दा.

आपल्याकडे या विद्येला एकच नाव नव्हतं, ती दोन घरांत वाटली गेली. एक घर न्यायशास्त्राचं. तिथं बोलण्याचे तीन प्रकार केलेत. खरं काय ते कळावं म्हणून दोघांनी बोलायचं तो वाद. जिंकायचंच म्हणून बोलायचं तो जल्प. आणि स्वतःची बाजू काहीच मांडायची नाही, फक्त समोरच्याचं पाडत सुटायचं, ती वितंडा. म्हणजे 'वाद' हा मुळात त्यातला सज्जन शब्द! आज आमच्याकडे 'सीमावाद' म्हणताना त्यातला सज्जनपणा कुणाला आठवत असेल? आणि जल्प कशाला म्हणतात ते रात्री नऊ वाजता टीव्ही लावला की दिसतंच. त्याच शास्त्रात शब्दच्छलाचं एक उदाहरण आहे, ते पोरांना फार आवडतं. कुणी म्हणतं, देवदत्त नवकंबल आहे. म्हणजे त्याच्याकडे नवं घोंगडं आहे. समोरचा म्हणतो, खोटं, नऊ कुठायत, एकच तर दिसतंय! दीड-दोन हजार वर्षं झाली, विनोद अजून शिळा नाही.

दुसरं घर अलंकारशास्त्राचं. भामह, दंडी हे जुने संस्कृत आचार्य, आणि कुंतकाची वक्रोक्ती, म्हणजे वळण देऊन बोलणं. हे घर काव्याच्या अंगणातलं, कोर्टाशी त्याचा संबंध नाही, असं मी कॉलेजात शिकले. मग अक्कांनी मला 'कविराजमार्ग' दाखवलं. नवव्या शतकातला, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातला, कन्नडमधला उपलब्ध असलेला सगळ्यात जुना ग्रंथ, आणि तो आहे चक्क अलंकारशास्त्राचा, दंडीच्या वाटेनं जाणारा. त्यात कवी सहज सांगून जातो की कन्नड नाडू, म्हणजे कन्नड मुलूख, कावेरीपासून गोदावरीपर्यंत आहे. उत्तम कन्नड कुठं बोलतात त्या गावांत त्यानं ओंकुंदही घेतलंय, ते आमच्या बेळगाव जिल्ह्यातलं वक्कुंद मानतात. आता ही गोदावरीची ओळ आमच्याकडे दर नोव्हेंबरात कन्नड राज्योत्सवाच्या स्टेजवरून ऐकू येते. उपमा कशी द्यावी ते शिकवणारं पुस्तक, आणि हजारेक वर्षांनी त्याला हद्दीच्या भांडणात साक्षीला उभं केलंय. हे मी अक्कांना म्हटलं, तर त्या हसून म्हणाल्या, "आणि तुमचे ज्ञानोबा? अमृतातेंही पैजा जिंके? ते काय नम्रतेनं बोललेत?" मी गप्प बसले.

आता रोम. मला सगळ्यात जास्त सतावतो तो हा भाग. सिसेरो या रोमन वक्त्याच्या काळी या विद्येची पाच अंगं धरत. मुद्दे शोधणं, ते लावणं, शब्द निवडणं, लक्षात ठेवणं आणि सभेत सादर करणं. सिसेरो स्वतः ज्या चौथऱ्यावरून बोलायचा, तिथंच इसवी सनापूर्वी ४३ मध्ये त्याचं तोडलेलं डोकं आणि हात टांगले गेले. पुढं सम्राट आले. विद्या बंद झाली नाही, उलट शाळाशाळांतून फोफावली. पण पोरं भाषणं कशावर करायची? समुद्री चाच्यांनी पळवलेली मुलं, हुकूमशहाला मारणारा वीर, असल्या कल्पित खटल्यांवर. खऱ्या कारभारावर बोलायची सोय राहिली नाही, म्हणून वर्गात चाचे आले.

हे पहिल्यांदा वाचलं त्या वर्षी माझ्याकडच्या पोरांना स्पर्धेचा विषय होता 'मोबाईल : शाप की वरदान'. त्याच्या आदल्या वर्षीही तोच होता. आमच्या तालुक्यात शाळांच्या खोल्या गळतात, बस वेळेवर येत नाही, पोरगी दहावीनंतर घरी का बसते याची कारणं पोरांना तोंडपाठ आहेत. त्यावर स्पर्धा कुणी ठेवत नाही. परीक्षकांचा तक्ता बघा. उच्चार, हावभाव, पाठांतर, वेळेचं भान. 'आशय' असतो, पण त्याला जेमतेम दहा गुण, आणि आशय मुलानं शोधला की मावशीनं लिहून दिला हे कुणी विचारत नाही. सोळाव्या शतकात पॅरिसच्या पेत्रुस रामुस या प्राध्यापकानं मुद्दे शोधणं आणि लावणं ही दोन अंगं काढून तर्कशास्त्राला देऊन टाकली. वक्तृत्वाकडे उरली सजावट आणि हातवारे. म्हणजे डोकं शेजाऱ्याला दिलं आणि दागिने घरात ठेवले. मग १६९० मध्ये जॉन लॉक या इंग्रज तत्त्ववेत्त्यानं या विद्येला चूक आणि फसवणुकीचं जबरदस्त हत्यार म्हटलं, तर त्याचं काय चुकलं? डोकं काढून घेतलेल्या गोष्टीकडून त्यानं वेगळी अपेक्षा तरी काय करायची?

माझीही चूक कबूल करते. पहिली दहा वर्षं मी हेच शिकवलं. हात इथं वर, आवाज इथं खाली, इथं दोन सेकंद थांब. ढाली आणल्या. मग एका वर्षी एक मुलगा 'पर्यावरण' या विषयावर फर्मास बोलला, पहिला आला, आणि परीक्षकांनी सहज विचारलं, "तुझ्या गावातली नदी कुठली रे बाळा?" पोरगं माझ्याकडे बघायला लागलं. त्याचं गाव मलप्रभेच्या काठावर. ते उत्तर मी लिहून दिलं नव्हतं ना.

तेव्हापासून रविवारचा पहिला अर्धा तास हातवारे बंद. वहीत डावीकडं समोरच्याचं म्हणणं लिहायचं, त्याला 'होय, माझं हेच म्हणणं आहे' असं वाटेल इतकं चांगलं. मग उजवीकडं आपलं. पोरांना याचा भयंकर कंटाळा येतो. पालकांनाही, कारण अर्धा तास काहीच ऐकू येत नाही.

यासाठी मी त्यांना १९१६ ची गोष्ट सांगते, कारण ती आमच्या गावातली आहे. एप्रिलच्या शेवटी बेळगावात मुंबई प्रांतिक परिषद भरली आणि इथंच टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली. १ मेला टिळक बेळगावात मराठीतून बोलले, पुढं अहमदनगरला दोनदा. सरकारनं ही तीन भाषणं राजद्रोहाची ठरवली. चांगल्या वर्तणुकीसाठी वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा दहा हजारांचे दोन जामीन मागितले. टिळकांच्या बाजूनं जीना उभे राहिले आणि नोव्हेंबरात मुंबई हायकोर्टानं तो हुकूम रद्द केला. मला त्यातला खटला आवडतो तो एका मुद्द्यासाठी. कोर्ट म्हणालं, सुटी वाक्यं वेचून चालणार नाही, भाषण सबंध वाचलं पाहिजे, त्याचा एकूण परिणाम बघितला पाहिजे. आणि सबंध वाचलं की दिसतं, टिळक राजा वेगळा आणि नोकरशाही वेगळी, असा भेद सारखा करत जातात. आम्ही राजा बदला म्हणत नाही, कारभार आमच्या हातात द्या म्हणतो. समोरचा काय आरोप करणार हे आधीच ओळखून बांधलेलं बोलणं आहे ते. डावीकडची बाजू आधी लिहिलेली. याला ज्याला हातवारे म्हणायचेत त्यानं म्हणावं.

आठ वर्षांनी, १९२४ च्या डिसेंबरात, त्याच बेळगावात गांधी काँग्रेसचे अध्यक्ष झाले, तेवढ्या एकाच वेळी. त्यांच्याकडे टिळकांची धार नव्हती, अत्र्यांची 'गेल्या दहा हजार वर्षांत' तर नव्हतीच. तरी लोक ऐकत. ॲरिस्टॉटलच्या तीन गोष्टींतली पहिली, पत, त्यांच्याकडे भरपूर होती.

पण मग थापाड्याला शिकवलं तर तो आणखी मोठा थापाड्या होईल, ही तुमची शंका राहतेच. ती पुढं ख्रिस्ती संत म्हणून गाजलेल्या ऑगस्टीनलाही होती. तो मिलानमध्ये वक्तृत्वाचा सरकारी शिक्षक, माझ्यासारखाच. इसवी सन ३८६ मध्ये त्याला नोकरीचा उबग आला, स्वतःला शब्द विकणारा म्हणवून त्यानं ती सोडली. पुढं धर्मगुरू झाल्यावर मात्र त्यानं लिहिलं की खोटं बोलणारे ही विद्या वापरणारच आहेत, मग खऱ्याच्या बाजूच्या माणसानं निःशस्त्र का उभं राहावं? नोकरी सोडलेल्या मास्तराचं हे म्हणणं मला नोकरीत असलेल्यांपेक्षा खरं वाटतं.

अक्कांकडे यावर बसवण्णांचं वचन आहे. नुडिदरे मुत्तिन हारदंतिरबेकु. बोलणं मोत्याच्या हारासारखं असावं, माणकाच्या तेजासारखं, स्फटिकाच्या शलाकेसारखं, लिंगानं खूश होऊन 'होय होय' म्हणावं असं. आणि शेवटी फटका, पण बोलल्यासारखं वागणार नसशील तर कूडलसंगमदेव, त्यांचा शिव, कसा प्रसन्न होईल? मी त्यांना ज्ञानेश्वरीतलं ऐकवते, साच आणि मवाळ, मितले आणि रसाळ, शब्द जैसे कल्लोळ अमृताचे. 'मितले' म्हणजे मोजके, हे समजावता समजावता आमचा अर्धा तास जातो. मोजकेपणावर अर्धा तास! मग त्या म्हणतात, मातु बल्लवनिगे जगळविल्ल, ऊट बल्लवनिगे रोगविल्ल. बोलणं जाणणाऱ्याला भांडण नाही, जेवण जाणणाऱ्याला रोग नाही. पुन्हा स्वयंपाकघर आलंच.

हे सगळं त्या दूध सोसायटीवाल्यांना तेव्हा सांगता आलं नाही. पण गेल्या शुक्रवारी त्यांचाच फोन आला. गावसभा आहे, दूध संकलनाची जागा हलवायचं चाललंय, यांना विरोध करायचाय. "टीचर, चार वाक्यं लिहून द्या की."

लिहून देणार नाही, म्हटलं. रविवारी पोरीबरोबर तुम्हीपण आत येऊन बसा, आणि जागा हलवा म्हणणारे काय म्हणतात ते लिहून आणा.

आले. कागद आणला होता, डावी बाजू चांगली भरलेली, उजवीकडं दोनच ओळी. म्हटलं, आता उभं राहून बोला, तीन मिनिटं. शर्ट खाली ओढला, घसा साफ केला, आणि सुरू झाले, "व्यासपीठावर उपस्थित असलेले आदरणीय अध्यक्ष महाशय, सन्माननीय व्हाइस चेअरमन साहेब, आमचे मार्गदर्शक..." पोरगी घड्याळ धरून बसली होती. तिनं हात उंच करून एक मिनिट दाखवलं, मग दोन. तिसरं संपलं तेव्हा ते सोसायटीच्या माजी संचालकांपर्यंत पोचले होते. तिनं स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवला.